दोनशे सोळा तुकडे

माझ्या सुनेचा प्रबंध अडला तो माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी हे तोंडातून काढलं असतं तर त्याची धडगत नव्हती, पण स्वतःची चूक स्वतः सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुण्याचे दोन मोठे ड्रम, बॉयलर, इस्त्रीची सहा टेबलं, आणि वर आमचं घर. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वकिलांचे कोट, सगळं आमच्याकडे येतं. रोजचे सातशे नग. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. अक्षरं मला ओळखतात, मी त्यांना फारसा भाव देत नाही. पण माणसाची कॉलर बघून त्याच्या घरात काय चाललंय ते मी सांगते, आणि सहसा चुकत नाही.

लेकाने लग्न करून आणली ती जीवरसायनात एम.एस्सी. झालेली मुलगी. वर्ष झालं नाही तोच म्हणाली, "आई, मला पीएच.डी.ला नाव घालायचंय."

मी म्हटलं, "घाल की. पण सकाळी आठ ते दहा मला काउंटरवर भरवशाचं माणूस लागतं. हॉस्पिटलची गाडी आठला येते."

ती हो म्हणाली. तिथेच पहिली गाठ पडली.

पहिल्याच महिन्यात तिला विषय निवडायचे होते. पीएच.डी. म्हणजे नुसतं प्रयोगशाळेत बसायचं असं मला वाटत होतं, पण नाही. आधी वर्षभर ठरावीक विषय शिकून त्यांची परीक्षा द्यायची, मग पुढचं. ती मागच्या खोलीत घड्या घालायच्या टेबलावर फॉर्म पसरून बसली. आमच्या घरात कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय सही होत नाही, म्हणून वाचत होती.

"हा मंगळवार-गुरुवार सकाळी आठला. संशोधनाच्या पद्धती आणि नोंदी. हा सक्तीचा आहे, आई."

"आठला?"

"सक्तीचा आहे म्हणतेय मी."

"गाडीपण सक्तीचीच आहे. ती तुझ्या विद्यापीठाला विचारून येत नाही."

लेक मध्ये पडला. "आई, गाडी मी बघीन की."

"तू बघशील! मागे बघितलीस तेव्हा डोळ्यांच्या वॉर्डाच्या चादरी बाळंतिणींकडे गेल्या. त्या बायका माझ्या नावाने काय काय बोलल्या ते मला अजून पाठ आहे." मग मी सुनेला विचारलं, "ह्या विषयात शिकवतात काय?"

"नोंदवही कशी ठेवायची, नमुन्यांवर क्रमांक कसे घालायचे, कुठली गोष्ट कुठून आली ते कसं सांभाळायचं..."

हे ऐकून मला हसूच आलं. "नगांवर खुणा घालायला शिकायला विद्यापीठात जायचं? अगं, रोज सातशे नग जातात माझ्या हाताखालून. एक हरवलेला दाखव. ते मी शिकवते तुला. दुपारी दोनला काय आहे ते बघ."

दुपारी दोनला, बुधवारी, गणित विभागाचा एक विषय होता: प्रयोगांची आखणी आणि आकडेवारी. तेवढ्याच तासांचा, तेवढ्याच वजनाचा. यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मार्गदर्शकाच्या सहीने समान वजनाचा दुसरा विषय घेता येईल. ते बारीक अक्षर मीच तिला मोठ्याने वाचायला लावलं, आणि वर म्हटलं, "बघ, वाट असते, शोधावी लागते." तिच्या मार्गदर्शक मॅडम त्या दिवशी कुठल्याशा परिषदेला निघाल्या होत्या. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून सही केली आणि गेल्या. कारकुनाने शिक्का मारला. मी जिंकले.

जिंकले असं मला पुढची चार वर्षं वाटत होतं.

तिचं काम होतं एका जिवाणूवर. बर्फासारख्या थंड तळ्याच्या गाळात तो राहतो आणि तिथेही तेल-चरबी पचवतो. ज्या पदार्थाने तो तेल तोडतो, तो पदार्थ काढायचा आणि त्याने गार पाण्यात कपड्यांवरचे तेलाचे डाग जातात का ते बघायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "तेल खाणारा म्हणून कौतुक कसलं? एक माझ्या पोटचाच आहे." पण मनातून मला ते आवडलं होतं. पाणी तापवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.

प्रबंधासाठी स्वतःच्या संशोधनाची तीन प्रकरणं लागतात असा त्यांचा नियम. पहिली दोन प्रकरणं जिवाणूची आणि त्या पदार्थाची. तिसरं कापडाचं, आणि सगळं त्याच्यावर टेकलेलं. पांढऱ्या सुती कापडाचे हातरुमालाएवढे दोनशे सोळा तुकडे. सहा खेपा, प्रत्येक खेपेत पदार्थाची सहा मापं, पाणी एकदा गार, एकदा कोमट, आणि दर वेळी तीन तुकडे. प्रत्येक तुकड्यावर मोजून तेल टाकायचं, धुवायचं, आणि एका यंत्राखाली धरून तो किती पांढरा झाला ते मोजायचं. यंत्रातला आकडा आपोआप संगणकात जातो, वेळेसकट.

आता तुकड्यांना ओळख हवी. तिने पेनाने आकडे घातले. शाई पसरली आणि यंत्राला तीच डाग वाटली. चिकटपट्ट्या लावल्या, त्या पहिल्याच धुण्यात सुटल्या. एका संध्याकाळी ती तोंड पाडून बसलेली बघून मी माझा धाग्याचा डबा तिच्यापुढे आदळला.

"धाग्याची खूण घाल कोपऱ्यात. साबणाने जात नाही, उकळून जात नाही."

ही खुणांची भाषा मला माझ्या सासूबाईंनी दिली. उभे टाके म्हणजे वार, फुल्या म्हणजे गिऱ्हाईक, गाठीची जागा म्हणजे कितवा नग, आणि धागा लाल की निळा त्यावरून उकळायचा की नाही. सुनेने वाराच्या जागी खेप घेतली, गिऱ्हाइकाच्या जागी पदार्थाचं माप, लाल म्हणजे कोमट पाणी आणि निळा म्हणजे गार. चार दिवसांत ती माझ्यासारखा टाका घालू लागली. नोंदवहीतही तिने तीच खूण काढली आणि पुढे यंत्राचा आकडा लिहिला. पानंच्या पानं फुल्या नि रेघा. मला ती वही फार सुंदर वाटायची. पहिल्यांदा तिच्या अभ्यासातलं काहीतरी मला वाचता येत होतं.

पाचव्या वर्षी प्रबंध देण्याआधीची बैठक आली. तीन प्राध्यापकांची समिती सगळं काम बघते, हो म्हणते, मगच प्रबंध लिहून द्यायचा. त्या दिवशी ती दुपारी घरी आली, पिशवी ठेवली आणि चादरींच्या घड्या घालायला लागली. तिसरी घडी वाकडी पडली तशी मी तिच्या हातातून चादर काढून घेतली.

"बोल."

"आई, तिसरं प्रकरण धरणार नाहीत म्हणाले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी कारकुनाने फाइल काढली आणि सांगितलं की सक्तीच्या विषयाच्या जागी दुसरा विषय चालत नाही. ती बारीक अक्षरातली सवलत फक्त ऐच्छिक विषयांना होती. शिक्का त्यानेच मारला होता, पण ते त्याला आठवत नव्हतं. मग समितीतल्या एका सरांनी नोंदवही उघडली. त्यांना मी पुढे कडक सर म्हणायला लागले, कारण एवढी कडक कॉलर मी बाहेरच्या कुणाच्या इस्त्रीची कधी पाहिली नव्हती. त्यांनी वही उलटी धरली, सुलटी धरली आणि विचारलं, "हे भरतकाम कसलं?"

"मी समजावलं त्यांना. ते म्हणाले, तुम्ही समजावता म्हणून कळतंय. तुम्ही नसाल तर कुणाला कळणार? नोंदी दुसऱ्याला वाचता आल्या पाहिजेत. हा तुमच्या सक्तीच्या विषयातला पहिला धडा आहे, आणि तो विषयच तुम्ही घेतलेला नाही."

"मग परत कर प्रयोग."

"आठ महिने लागतील. माझी नोंदणी पाच महिन्यांनी संपते. यंत्र बिघडलं होतं तेव्हा एकदा मुदत वाढवून घेतलीये, दुसऱ्यांदा मिळत नाही." "पाच वर्षं गेली, आई."

ती मला एक शब्दही लागेल असं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं; मला भांडता आलं असतं. लेकाने मात्र माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"तू गप्प बस," मी म्हटलं. "मला माहीत आहे कुणी काय केलं ते."

दुसऱ्या दिवशी मी तिला त्या नियमांचं पुस्तक आणायला लावलं. तिसऱ्या प्रकरणाला नडलेला नियम तिने वाचला: नोंदी अशा असाव्यात की करणाऱ्याच्या मदतीशिवाय दुसऱ्या जाणकार व्यक्तीला त्या वाचता याव्यात आणि पडताळता याव्यात.

"परत वाच."

तिने परत वाचला.

"जाणकार व्यक्ती म्हणजे कोण? प्राध्यापकच पाहिजे असं लिहिलंय?"

"नाही. जाणकार एवढंच आहे."

"मग मी काय मेलेय?"

लेक हसला. सून हसली नाही. ती म्हणाली, "ते म्हणतील मी तुम्हाला पढवून आणलं."

"दोनशे सोळा तुकड्यांचं? मला पाढे पाठ होत नाहीत ते त्यांना तिसरीतल्या बाईंनी सांगितलं असतं."

"पण तुम्ही वाचलेलं बरोबर की चूक ते कशावरून ठरवणार? वहीत तर ह्याच खुणा आहेत."

हे खरं होतं. दोन दिवस आम्ही दोघी त्यावर अडलो. तिसऱ्या दिवशी हिशेब करता करता ती उठून उभी राहिली. दुपारी दोनला तो विषय शिकवणारे गणिताचे मास्तर होते ना, त्यांची एक खोड होती. त्यांच्याकडे शिकलेल्या कुणीही पुढे कधी प्रयोग केला, तर कुठला तुकडा कुठल्या क्रमाने धुणार नि मोजणार ते सुरू करण्याआधी लिहून पाकिटात घालून त्यांना द्यायचं. वर तारीख. नाही दिलं तर रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. सुनेने दिलं होतं. साध्या सरळ शब्दांत, दोनशे सोळा ओळी. ते पाकीट त्यांच्या कपाटात तसंच बंद होतं.

मॅडमनी समितीला पुन्हा बसायला लावलं. बॉनेटवर केलेली सही त्यांनाही बोचत असणार. त्यांनी तसं म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. आम्ही दोघी सारख्याच दोषी, त्यामुळे आमचं छान जमलं.

बैठकीच्या दिवशी मी माझी ठेवणीतली साडी नेसले आणि चष्मा पुसून घेतला. दारात कारकून रजिस्टर घेऊन बसला होता.

"नाव? हुद्दा?"

"सासू."

"तसा रकाना नाही. शिक्षण?"

"तिसरी. ठळक लिहा."

आत लांब टेबल, टोकाला ते पांढरेपणा मोजायचं यंत्र आणि संगणक. मध्ये समितीचे अध्यक्ष, वयस्कर, कोटाचं एक बटण दुसऱ्या रंगाच्या धाग्याने लावलेलं. विधुर किंवा हट्टी. एका बाजूला कडक सर. दुसऱ्या बाजूला एक तरुण बाई, बाहीवर शाई. मॅडम भिंतीशी. गणिताचे मास्तर मांडीवर पाकीट घेऊन असे बसले होते जणू आत त्यांचं लेकरू निजलंय.

सुनेला बाहेर पाठवलं. दार लावलं. कडक सरांनी एका खोक्यातून स्वतः वीस तुकडे उचलले.

"तुम्हाला ह्यातलं विज्ञान किती कळतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुम्हाला टाक्यांतलं किती कळतं?"

अध्यक्षांनी खोकल्यासारखं केलं. शाईच्या बाहीवाल्या बाई खाली बघून हसल्या.

"सुरू करा," कडक सर म्हणाले आणि पहिला तुकडा पुढे सरकवला.

मी उचलला, बोटाने चाचपला. "तिसरी खेप. चौथं माप. गार पाणी. दुसरा नग."

मास्तरांनी पाकीट सर्वांसमोर फोडलं, यादी काढली, बोट खाली नेलं. ही खेप कुठल्या दिवशी कुठल्या क्रमाने यंत्राखाली गेली ते संगणकात होतंच. तरुण बाईंनी तो तुकडा पुन्हा यंत्राखाली धरला, आकडा वाचला, मग संगणकातला आणि वहीत त्याच खुणेपुढचा जुना आकडा वाचला.

"जुळतंय," त्या म्हणाल्या.

दुसरा. तिसरा. चौथा. मला वेळ लागत नव्हता. त्यांना लागत होता. सातव्यापर्यंत खोलीत नुसतं "जुळतंय, जुळतंय" चाललं होतं आणि माझ्या आत बॉयलरसारखी वाफ धरायला लागली होती. पण चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही. गिऱ्हाइकासमोर दाखवायचं नसतं.

नववा तुकडा मी उजेडात धरला, उलटसुलट केला. गाठीजवळचा धागा तुटला होता. खेप दिसत होती, माप दिसत होतं, पाणी दिसत होतं. नग कितवा, ते नाही.

"हा पूर्ण वाचता येत नाही. पाचवी खेप, पहिलं माप, कोमट. नग कळत नाही."

"तीनच तर शक्यता आहेत," कडक सर म्हणाले. "अंदाजाने सांगा."

"अंदाजाने मी कुणाचे कपडे परत करत नाही."

"एखादा चुकला तर चालेल."

"तुम्हाला चालेल. ज्याचा कोट दुसऱ्याच्या अंगावर जातो त्याला चालत नाही. बाजूला ठेवा तो."

त्यांनी बाजूला ठेवला. काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. एका तुटक्या धाग्यापायी पोरीची पाच वर्षं. पण चुकीचं सांगून जिंकायचं असतं तर मी त्या बारीक अक्षरावरच जिंकलेली होते की.

दहावा जुळला. अकरावा, बारावा, तेरावा जुळले. चौदावा हातात घेतला, उलटा केला, आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

"हा आमचा नाही."

"नीट बघा. दुसरी खेप, सहावं माप, निळा धागा. मलासुद्धा वाचता येतंय आता."

"वाचता येतंय, पण टाका आमच्या घरातला नाही. आम्ही गाठ मागच्या अंगाला मारतो आणि शेपूट कापत नाही, ओढून टाक्याखाली दडपतो. कापलं की चौथ्या धुण्यात उसवतं. हे कापलंय. आणि कात्री बोथट होती."

अध्यक्षांनी कडक सरांकडे वळून विचारलं, "हा तुकडा तुम्ही घातलात?"

"काल आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंकडून शिवून घेतला," ते म्हणाले. त्यांना लाज वाटलेली नव्हती, आणि वाटायला नकोच होती. मीही नव्या माणसाला चादरींच्या गठ्ठ्यात एक परकी चादर घालून पारखते. त्या क्षणी मला तो माणूस आवडला.

"त्यांना म्हणावं कात्रीला धार लावून घ्या," मी म्हटलं.

उरलेले सहाही जुळले. वीसपैकी अठरा बरोबर, एक ओळखलेला परका, आणि एक तुटका. अध्यक्षांनी सुनेला आत बोलावलं. ती दारातूनच माझ्या तोंडाकडे बघत होती. मी डोळ्यांनीच खूण केली की सरळ उभी राहा.

बोलले ते कडक सर. "नोंदवही वाचता येते आणि पडताळता येते. ज्या ठिकाणी वाचता येत नव्हतं तिथे वाचणाऱ्याने नाही म्हणून सांगितलं. मला एवढंच बघायचं होतं. तुटक्या खुणेचा तुकडा हिशेबातून वगळा, तसं लिहा. तिसरं प्रकरण मला मान्य आहे." मग त्यांनी दोन अटी घातल्या. प्रबंधाच्या शेवटी ह्या खुणांची संपूर्ण किल्ली साध्या भाषेत जोडायची. आणि सक्तीचा विषय प्रबंध देण्याआधी पुरा करायचा.

"तो मंगळवार-गुरुवार आठलाच असतो," सून हळूच म्हणाली.

सगळे माझ्याकडे का बघायला लागले कोण जाणे.

पुढच्या मंगळवारपासून हॉस्पिटलची गाडी मी घेतली. पहाटे उठून बॉयलर पेटवला, आठला काउंटरवर उभी राहिले, पावत्यांवरची नावं लागत नव्हती तेव्हा ड्रायव्हरलाच वाचायला लावली. आमची सून, घरातली सर्वांत शिकलेली बाई, पहिल्या वर्षाच्या पोरांच्या रांगेत बसून नोंदवही कशी ठेवायची ते शिकत होती. एका दिवशी येऊन म्हणाली, "आई, आज शिकवणाऱ्या बाईंनी उदाहरण म्हणून माझीच वही दाखवली."

"कशी ठेवावी म्हणून, की कशी ठेवू नये म्हणून?"

"दोन्ही."

"बरोबर केलं."

किल्लीचं मात्र मला जड गेलं. ह्या खुणा मी कधी कागदावर उतरवू दिल्या नव्हत्या. आमच्या कामाची तीच तर पुंजी. सासूबाईंनी मला त्या शिकवल्या तेव्हा दार लावून घेतलं होतं. आणि प्रबंध ग्रंथालयात जातो, तिथे कुणीही उघडून बघतो. सून लेखणी घेऊन बसली होती, घाई करत नव्हती.

"नको असेल तर नका सांगू," ती म्हणाली. "मी दुसरा मार्ग बघते."

"दुसरा मार्ग मी एकदा बघितला होता. त्याचं काय झालं ते आठवतंय ना?" मी म्हटलं. "घे लिहून. पहिलं, उभा टाका." एकदा सुरू झाल्यावर मी कुठल्या खुणेला शेपूट कुठे दडपायचं तेसुद्धा सांगितलं. अकरा पानं झाली. तिने वाचून दाखवली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्याला भाषा म्हणतात.

मुदतीच्या नऊ दिवस आधी प्रबंध गेला. आणि मग शेवटची परीक्षा आली, खुली, सगळ्यांसमोर. सभागृह भरलं होतं. मी, लेक आणि इस्त्रीवाल्या चार बायका दुसऱ्या रांगेत. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी तासभर तिला सोललं. ती घाबरली नाही. जिथे येत होतं तिथे ठासून बोलली. शेवटी तिने एक छोटा वेगळा प्रयोग दाखवला: तेलाच्या डागावर आधी गरम इस्त्री फिरवली असली की तिचा पदार्थ काही करू शकत नाही. पडद्यावर काही तुकडे अगदी पांढरे, आणि शेवटचा पिवळा तो पिवळाच.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

विचारायचं नसतं, हे मला लेकाने घरून निघताना बजावलं होतं. मी हात वर केला. त्याने माझा पदर ओढला. मी त्याचा हात झटकला आणि उभी राहिले.

"ताजं तेल तुझा पदार्थ काढतो. मग इस्त्री फिरली की का नाही काढत? तेल तेच, कापड तेच."

सून माझ्याकडे वळली. पडद्याकडे तिने पाठ केली आणि घरी बोलते तसं बोलली.

"ताज्या तेलाचे कण सुटे असतात, आई. लांब सुट्या दोऱ्यांसारखे. माझा पदार्थ म्हणजे कात्री. ती एकेका दोरीपाशी जाते आणि कापते. इस्त्रीच्या आचेने त्या दोऱ्या एकमेकींना जोडल्या जातात, घट्ट जाळं होतं. भिंतीवरचा तेलरंग वाळतो तसं. मग कात्रीला आत शिरायला जागाच राहत नाही."

"मग त्याला उपाय?"

"मला माहीत नाही. शोधलं, सापडलं नाही. प्रबंधात तसंच लिहिलंय."

कडक सर मागच्या भिंतीशी उभे होते; त्यांनी मान हलवली, पण मला त्यांची गरज नव्हती. चाळीस वर्षं मी बायकांवर ओरडत आले होते की डागावर इस्त्री फिरवू नका. का, ते सासूबाईंनी मला सांगितलं नव्हतं. त्यांनाही कुणी सांगितलेलं नसणार. आज माझ्या घरातली मुलगी भरल्या सभागृहात मला ते सांगत होती, आणि मला कळत होतं, शब्दन् शब्द.

"पटलं," मी म्हटलं आणि बसले.

परीक्षकबाई आपला कागद मिटत म्हणाल्या, "माझ्याकडे ह्याच्यानंतर प्रश्न नाहीत." समिती आत गेली, पाच मिनिटांत बाहेर आली. अध्यक्षांनी माझ्या सुनेला पहिल्यांदा डॉक्टर म्हणून हाक मारली तेव्हा लेक लहान मुलासारखा रडायला लागला, इस्त्रीवाल्या बायकांनी बाकं बडवली, आणि मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की तळहात दोन दिवस हुळहुळत होते.